ब्यावोव्येझा : रानातलं एक पोलिश गाव

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या मंडळाच्या व्याख्यानात दरवर्षी डॉक्टर, प्राध्यापक बोलतात. यंदा अध्यक्ष मला म्हणाले, "तुम्हीच बोला, पण रेल्वेवर नको. ते आम्ही रोज ऐकतो." मी डिप्लोमाधारक, पर्मनंट वेचा माणूस. स्लीपर, बॅलास्ट आणि काशन ऑर्डर यांच्यापलीकडे मला कुणी बोलू देत नाही. म्हणून ठरवलं की एका गावाविषयी सांगायचं. गाव पोलंडमधलं आहे. मी तिथं गेलेलो नाही. नोकरीतलं एक काम शोधता शोधता त्या गावापर्यंत वाचत गेलो. ते काम कोणतं, ते शेवटी सांगतो. अध्यक्षांची आधीच क्षमा मागतो, कारण रेल्वे त्यात येणारच आहे.

गावाचं नाव ब्यावोव्येझा. उच्चारायला जरा जड आहे, पण फोड केली की सोपं होतं. पोलिश भाषेत 'ब्यावा' म्हणजे पांढरी आणि 'व्येझा' म्हणजे बुरूज किंवा मनोरा. पांढरा बुरूज. राजाचा शिकारीचा वाडा या रानात होता, त्याच्या पांढऱ्या मनोऱ्यावरून हे नाव पडलं असं मानतात. आज बुरूज नाही, नाव तेवढं राहिलंय. आपल्याकडेही गढी जाते आणि गावाला नाव ठेवून जाते, तसंच.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पोलंडच्या अगदी पूर्वेला, बेलारूसच्या सीमेला लागून पोद्लाश्ये नावाचा प्रांत आहे. त्यात हाय्नुफ्का हे तालुक्यासारखं शहर आणि तिथून वीसेक किलोमीटर आत, दाट रानाच्या मधोमध मोकळ्या केलेल्या जागेवर हे गाव. वस्ती सुमारे दोन हजार. सीमा दोन-तीन किलोमीटरवर. गावातून नारेफ्का नावाची लहानशी नदी जाते, ती नारेव्हला मिळते आणि नारेव्ह पुढे विस्तुलाला. जमीन सपाट. आपली गुवाहाटी २६ अंश अक्षांशावर आहे, हे गाव जवळजवळ ५३ वर, म्हणजे दुप्पट उत्तरेला. डिसेंबरात तिथं दिवस साडेसात तासांचा, जूनमध्ये जवळपास सतरा तासांचा. पाऊस वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आसामात राहणाऱ्या आपल्याला तो पाऊस वाटायचाही नाही.

पण या गावाचा खरा भूगोल म्हणजे त्याचं रान. युरोपच्या मैदानी भागात एके काळी सगळीकडे असंच रान होतं. ते तोडून शेती झाली, शहरं झाली. त्यातला सलग उरलेला मोठा तुकडा म्हणजे ब्यावोव्येझाचं रान. एकूण क्षेत्र सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर, त्यातलं साधारण चाळीस टक्के पोलंडमध्ये आणि बाकीचं बेलारूसमध्ये. ओक, हॉर्नबीम, लिंडेन, अ‍ॅश आणि पन्नास मीटरपर्यंत जाणारे स्प्रूस. राष्ट्रीय उद्यानाच्या जुन्या गाभ्यात पडलेलं झाड उचलत नाहीत. ते तिथंच कुजतं, त्यावर बुरशी येते, किडे येतात, किड्यांमागून सुतारपक्षी येतात आणि त्याच ओंडक्यावर नवं रोप उभं राहतं. मी लाकडी स्लीपरच्या काळातल्या लोकांकडून काम शिकलो. सडकं लाकूड दिसलं की बदला, एवढंच आम्हाला ठाऊक. सडक्या लाकडावर अर्धं रान जगतं हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिलो.

आता इतिहास. हे रान टिकलं ते कुणाला निसर्गाची कणव आली म्हणून नव्हे. टिकलं ते राजांच्या शिकारीसाठी. पोलंडचा राजा यागिएवो याने १४०९ मध्ये इथं मोठी शिकार केली. पुढच्या वर्षी ट्युटॉनिक सरदारांशी ग्रुनवाल्डची प्रसिद्ध लढाई व्हायची होती. सैन्याला मांस हवं होतं. रानात मारलेल्या जनावरांचं मांस खारवून पिंपांत भरलं आणि नदीमार्गाने प्वोत्स्कला पाठवलं. म्हणजे लढाईच्या रसदीचा एक डेपो हे रान होतं. या राजाच्या नावाचा एक ओक इथं होता आणि राजा त्याखाली विसावला होता अशी कथा. तो ओक १९७४ मध्ये वादळात पडला. वय निघालं सुमारे साडेचारशे वर्षं. आता तुम्हीच हिशोब करा. राजा बसायला आला तेव्हा ते झाड जन्मालाही यायचं होतं! तरी ते खोड अजून 'यागिएवोचा ओक' म्हणूनच दाखवतात. कुठल्याही गावाला अशी एखादी गोष्ट लागतेच, त्यात आपण पडू नये.

पुढे १७५२ मध्ये राजा तिसरा ऑगस्ट इथं शिकारीला आला. त्या एका दिवसाचा हिशोब दगडात कोरून गावात उभा केलेला आहे. ४२ झुब्र, १३ एल्क आणि २ लहान हरणं. झुब्र म्हणजे युरोपीय बायसन, रानबैल. इथं आमच्या कोल्हापूरकडच्या मंडळींसाठी एक खुलासा करतो. दाजीपूरला आपण 'बायसन' पाहायला जातो, तो गवा. इंग्रजांनी त्याला बायसन म्हटलं आणि आपण तेच धरून बसलो. खरा बायसन हा. केसाळ मान, खांद्यावर उंचवटा, दाढी, आणि मोठ्या नराचं वजन सहाशे ते नऊशे किलो. आपला गवा त्याच्याहूनही थोराड भरतो, पण त्या बिचाऱ्याच्या अंगावर लोकर नाही.

पोलंडची फाळणी एकदा नव्हे, तीनदा झाली आणि १७९५ नंतर हा भाग रशियाकडे गेला. १८८८ मध्ये रान झारच्या घराण्याची खासगी मालमत्ता झालं. १८८९ ते १८९४ या काळात गावात झारचा राजवाडा उभा राहिला. शेजारी विटांचं ऑर्थोडॉक्स चर्च बांधलं, त्याच्या गाभाऱ्यापुढचा मूर्तिपट चिनीमातीचा आहे. राजवाडा १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी जाळला, साठच्या दशकाच्या सुरुवातीला उरलेल्या भिंतीही काढल्या. आता त्या जागी निसर्ग संग्रहालय आहे आणि वाड्याचं एक विटांचं प्रवेशद्वार तेवढं उभं आहे.

झार येणार म्हटल्यावर रेल्वे आलीच. १८९७ मध्ये हाय्नुफ्काहून लाईन गावापर्यंत पोचली. दोन हजार वस्तीच्या रानातल्या गावाला रूळ मिळाले ते एका माणसाच्या शिकारीसाठी. अध्यक्षमहाराज, आपल्याकडे आमदाराच्या गावाला हॉल्ट मिळतो, त्यातलाच हा प्रकार. ही लाईन रशियन गेजची, पाच फूट, म्हणजे १५२४ मिलिमीटर. आपलं ब्रॉडगेज १६७६. युरोपचं १४३५. हे आकडे लक्षात ठेवा, कारण या गावाचा विसाव्या शतकातला इतिहास म्हणजे कोणाच्या गेजचे रूळ कोणाच्या हाती, याचाच इतिहास आहे.

ऑगस्ट १९१५. पहिलं महायुद्ध. रशियन सैन्य मागे हटलं आणि जर्मन रानात शिरले. पण त्याआधी एक गोष्ट घडली, ती आपल्यासारख्या घर सोडून आलेल्यांनी ऐकावी अशी आहे. या भागातले बहुसंख्य शेतकरी ऑर्थोडॉक्स पंथाचे, घरात बेलारूसीच्या जवळची बोली बोलणारे. सैन्यामागून तेही निघाले. जर्मन येऊन कत्तल करतील असं त्यांना सांगितलं गेलं होतं. गाड्यांवर भांडी, पोरं, म्हातारे घालून गावंच्या गावं पूर्वेकडे गेली. वाटेत पटकी, टायफस. पुढे मालगाड्यांत भरून कोणी व्होल्गाकाठी, कोणी सैबेरियात. त्या पळापळीला तिकडे 'ब्येझेन्स्त्वो' म्हणतात. परत आले ते १९१८ ते १९२२ च्या दरम्यान, जे जगले ते. आले तेव्हा देश बदलला होता. रशियाच्या झारची प्रजा म्हणून गेले, पोलंडचे नागरिक म्हणून परतले. त्या काळी पूर्व पोलंडमध्ये जनगणनेत राष्ट्रीयत्व विचारलं की असे अनेक लोक 'तुतेइशी' असं उत्तर द्यायचे. त्याचा अर्थ 'इथला'. रशियन नाही, पोलिश नाही, बेलारूसी नाही, आम्ही इथले. इतकं थोडक्यात उत्तर मला आजवर कुठल्याही सरकारी फॉर्मवर लिहिता आलेलं नाही.

इकडे गावं रिकामी आणि रान जर्मनांच्या ताब्यात. त्यांनी रान म्हणजे लाकडाचं कोठार मानलं. हाय्नुफ्काला सॉ-मिल उभारल्या, युद्धकैद्यांना कामाला लावलं आणि रानात ६०० मिलिमीटर गेजच्या छोट्या लाईन टाकत नेल्या. आपली माथेरानची गाडी ६१० ची, त्याहून दहा मिलिमीटर अरुंद. मोठ्या लाईनही युरोपीय गेजच्या करून घेतल्या. तीन-साडेतीन वर्षांत चाळीस-पन्नास लाख घनमीटर लाकूड बाहेर गेलं. जे रान राजांनी पाचशे वर्षं राखलं ते अरुंद रुळांनी तीन वर्षांत पोखरलं. आम्ही रेल्वेवाले नेहमी म्हणतो की रूळ आले की विकास आला. हाय्नुफ्कापुरतं ते खरं आहे, ते शहर त्या सॉ-मिलभोवतीच वाढलं. रानाचं मत वेगळं असणार. युद्धानंतर पोलंड स्वतंत्र झाला, तरी १९२४ मध्ये लाकूडतोडीचा ठेका एका ब्रिटिश कंपनीला दिला. तिने इतकी तोड केली की १९२९ मध्ये तो करार मोडावा लागला. ही छोटी लाईन पुढे कित्येक वर्षं लाकूड वाहत राहिली; नंतर हाय्नुफ्का ते तोपिवो एवढ्या भागावर उन्हाळ्यात प्रवाशांना फिरवून आणायला गाडी सुरू केली.

आणि झुब्र? युद्धाच्या सुरुवातीला या रानात सातशेहून अधिक झुब्र होते. भुकेले सैनिक, पळालेले सैनिक, चोरटे शिकारी, सगळ्यांनी मारले. १९१९ मध्ये रानातला शेवटचा झुब्र गेला. कॉकेशस पर्वतात थोडे उरले होते, ते १९२७ पर्यंत संपले. मोकळ्या रानात जगात एकही झुब्र नाही, अशी स्थिती.

इथून पुढची गोष्ट मला फार आवडते, कारण ती हिशोबाच्या वहीची आहे. १९२३ मध्ये पॅरिसला निसर्गरक्षणाची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथं यान श्टोल्त्समन नावाचे पोलिश प्राणिशास्त्रज्ञ उभे राहिले आणि म्हणाले की प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी बागांत जे झुब्र आहेत ते मोजा आणि त्यांतून जात वाचवा. मोजले. पन्नासच्या थोडे वर भरले. त्यांतल्या फक्त बारा जनावरांचा वंश पुढे चालला. आज जगात जे हजारो झुब्र आहेत ते सगळे त्या बारांची लेकरं. प्रत्येक जनावराची नोंद, आई कोण, बाप कोण, जन्म कधी, अशी वंशावळीची वही १९३२ पासून छापली जाऊ लागली. रानटी प्राण्याची अशी वही ठेवण्याची ही पहिलीच वेळ. त्यात एक गंमत आहे. पोलंडमध्ये जन्मलेल्या झुब्राचं नाव 'पो' या अक्षरांनी सुरू करायचं, असा नियम. फक्त प्श्चिना नावाच्या जागेतल्या कळपाला 'प्ल'. आपल्या डब्यांना आणि इंजिनांना शेडची अक्षरं असतात, तसंच. कुठलं जनावर कुठल्या शेडचं ते नावावरूनच कळावं.

१९२९ मध्ये पहिले झुब्र ब्यावोव्येझात परत आणले आणि कुंपणात ठेवले. पुन्हा युद्ध झालं, पण तो कळप कसाबसा टिकला. १९५२ मध्ये पहिल्यांदा कुंपणाचं दार उघडून झुब्र मोकळ्या रानात सोडले. तेहेतीस वर्षांनी. आज पोलंडच्या बाजूच्या रानात सातशेहून अधिक झुब्र आहेत आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत या जातीचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आणला गेला. या झुब्राच्या नावाचं एक सुगंधी गवत त्या रानात उगवतं आणि त्याची एकेक काडी एका प्रसिद्ध बाटलीत घालतात. बाटलीत आणखी काय असतं ते मांडवात सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धाविषयी मात्र थट्टा करण्यासारखं काही नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य आलं. फेब्रुवारी १९४० मध्ये पूर्व पोलंडमधली हजारो कुटुंबं थंडीत मालडब्यांत भरून उत्तर रशिया आणि सैबेरियाकडे नेली. या पहिल्या खेपेत वनखात्याचे कर्मचारी आणि त्यांची बायकापोरं खास निवडलेली होती. रानरक्षक म्हणजे सरकारचा माणूस आणि त्याला वाटा माहीत, एवढाच त्यांचा गुन्हा. पूर्व पोलंडमधून नेलेल्या अशा लोकांपैकी काही हजार स्त्रिया, मुलं आणि म्हातारे इराणमार्गे हिंदुस्थानात आले आणि १९४३ ते १९४८ कुठं राहिले? कोल्हापूरजवळ वळिवड्याला. मी हातकणंगले तालुक्यातला. वळिवडे स्टेशनावरून डिप्लोमाच्या तीन वर्षांत कितीदा गेलो असेन. तिथं पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, थिएटर होतं. ते गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. आज आपण तिथं लग्नाच्या साड्या घ्यायला जातो.

जून १९४१ मध्ये जर्मन पुन्हा आले. युद्धाआधी गोअरिंग इथं पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचा पाहुणा म्हणून शिकारीला येऊन गेला होता. आता त्याला हे रान स्वतःच्या शिकारीसाठी हवं होतं, माणसांशिवाय. त्या उन्हाळ्यात जर्मन पोलिसांनी रानातली तीसहून अधिक गावं रिकामी केली आणि त्यांतली बहुतेक जाळली. ऑगस्टमध्ये ब्यावोव्येझातल्या ज्यू पुरुषांना गोळ्या घातल्या, बायकामुलांना हाकलून दिलं. युद्धाआधी हे ज्यू गावातले दुकानदार, कारागीर होते. त्यानंतर गावात ज्यू वस्ती राहिली नाही. एका वाक्यात सांगितलं, पण ते एका वाक्याचं नाही.

जुलै १९४४ मध्ये नव्या सीमेची रेघ ओढताना गाव आणि रानाचा पश्चिमेकडचा भाग पोलंडला मिळाला, बाकीचा सोव्हिएत युनियनला. झाडांना आणि झुब्रांना कुणी विचारलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत बाजूने कुंपण घातलं आणि दोन बाजूंचे झुब्रांचे कळप एकमेकांपासून तुटले. याच रानाच्या पलीकडच्या भागात व्हिस्कुली नावाचा सरकारी शिकारबंगला आहे. ८ डिसेंबर १९९१ रोजी येल्त्सिन, क्राव्हचुक आणि शुश्केविच तिथं बसले आणि सोव्हिएत युनियन संपल्याच्या कागदावर सह्या केल्या. जगातला एवढा मोठा देश मोडला तो या रानात, पण कुंपण काही मोडलं नाही. नंतर ते वाढलं. २०२१ मध्ये बेलारूसमार्गे मध्यपूर्वेतले आणि आफ्रिकेतले लोक सीमा ओलांडू लागले. पोलंडने सीमेलगतचा पट्टा बाहेरच्यांना बंद केला, त्यात हे गावही आलं आणि पर्यटकांवर जगणाऱ्या घरांचा धंदा बसला. त्या हिवाळ्यात रानात थंडीने माणसं मेली. त्या भागातल्या काही घरांनी रात्री खिडकीत हिरवा दिवा लावायला सुरुवात केली. इथं जेवण मिळेल, ऊब मिळेल अशी ती खूण. हिरव्या दिव्याचा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको. जून २०२२ पर्यंत सीमेवर साडेपाच मीटर उंचीची, १८६ किलोमीटर लांबीची पोलादी भिंत उभी राहिली. तिला जनावरांसाठी दारं ठेवली आहेत. ती उघडणं मात्र सरकारच्या हाती.

गावकऱ्यांविषयीही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी रानाचंच कौतुक करतो आहे असं व्हायचं. राष्ट्रीय उद्यान पोलिश बाजूच्या रानाच्या जेमतेम सहाव्या भागात आहे, १०५ चौरस किलोमीटर. ते वाढवा असं शास्त्रज्ञ कित्येक वर्षं म्हणतात. पण तिथल्या कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची संमती लागते आणि गावं देत नाहीत. सरपण, अळंबी, लाकडावरची रोजगारी, हे सगळं त्यांचं रानात. २०१६ मध्ये खोडकिड्याचं कारण सांगून सरकारने तोडीची मर्यादा वाढवली, तेव्हा गावात बरेच लोक सरकारच्या बाजूने होते आणि शहरातून आलेले तरुण यंत्रांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेत होते. २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती तोड बेकायदा ठरवली. मला विचाराल तर निकाल बरोबर होता. पण ज्याच्या आजोबाला झारसाठी, जर्मनांसाठी आणि गोअरिंगच्या शिकारीसाठी तीनदा घर सोडावं लागलं, तो 'आता हे जगाच्या वारशासाठी' असं ऐकून एकदम टाळ्या वाजवणार नाही, हेही मला समजतं.

आता माझ्या कामाकडे येतो. या छोट्या गावात सस्तन प्राण्यांवर संशोधन करणारी मोठी संस्था आहे. ती सुरू करणारे प्राध्यापक आउगुस्त देनेल यांनी १९४९ मध्ये दाखवलं की इथल्या चिचुंद्रीसारख्या श्रू या प्राण्याची कवटी हिवाळ्यात आक्रसते आणि वसंतात पुन्हा वाढते. खायला कमी, म्हणून डोकंच लहान करायचं! याच गावात काम करणाऱ्या आणखी एक बाई म्हणजे सिमोना कोसाक. पोलंडमधल्या नामांकित चित्रकारांच्या घराण्यातल्या. पणजोबा, आजोबा, वडील सगळे चित्रकार. बाई रानात आल्या आणि जेजिंका नावाच्या जुन्या रानचौकीत तीस वर्षांहून अधिक राहिल्या. वीज नाही, नळ नाही. घरात झापका नावाची रानडुकरीण आणि कोरासेक नावाचा एक कावळा, जो गावकऱ्यांच्या वस्तू पळवायचा आणि सायकलवाल्यांवर झेपायचा. २००७ मध्ये त्या वारल्या.

याच बाई रेल्वेच्या कामात आल्या. रुळावर हरणं, एल्क, रानडुकरं मरतात, त्याला उपाय काय? कुंपण घालावं तर जनावरांची वाट तुटते. त्यांनी सांगितलं की जनावराला त्याच्या भाषेत सांगा. त्यातून यूओझेड-१ नावाचं यंत्र तयार झालं. रुळाच्या कडेला खांब, त्यात ध्वनिक्षेपक. सिग्नल यंत्रणेकडून गाडी येत असल्याची सूचना मिळाली की थोडा वेळ आधी ते वाजू लागतं. वाजतं काय? भोंगा नव्हे. जे नावाचा पक्षी, कावळ्याच्या कुळातला, रानाचा चौकीदार, त्याची धोक्याची हाक. शिकारी कुत्र्यांचं भुंकणं. सशाचं किंचाळणं. जनावर डोकं वर करतं आणि बाजूला होतं. गाडी गेली की आवाज बंद, वाट मोकळी. वॉर्सापासून पूर्वेला जाणाऱ्या मुख्य लाईनवर हे खांब बसवले आणि अभ्यासात दिसलं की यंत्र चालू असताना जनावरं रुळावरून आधीच दूर होतात. नुसत्या भोंग्याला जनावर सरावतं. या आवाजामागून मात्र प्रत्येक वेळी खरोखरच गाडी येते, म्हणून ते सरावत नाही.

हे मी का शोधत होतो ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. दीपोर बिलाच्या कडेने जाणारी आपली लाईन सगळ्यांना माहीत आहे. राणीच्या जंगलातून हत्ती पाण्यावर येतात ते तीच ओलांडून. आझारा आणि कामाख्या यांच्या मधल्या फाटकाजवळ २०१७ मध्ये मधमाश्यांच्या गुणगुणण्याचा आवाज काढणारं यंत्र लावलं, कारण हत्ती माश्यांना भितो. म्हणजे तोच विचार, फक्त पक्ष्याऐवजी माशी. डुआर्समध्ये बनारहाटजवळ सप्टेंबर २०१० मध्ये एका मालगाडीखाली सात हत्ती गेले, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. मी स्वतः एका सेक्शनवर रात्री तीन वाजता रुळाच्या कडेला पडलेली हत्तीण पाहिली आहे. तिचं पिल्लू कळपाबरोबर परत गेलं नाही, सकाळपर्यंत तिथंच उभं होतं. ट्रॅकमनपैकी कुणीही त्या दिवशी डबा उघडला नाही. ब्लॉक संपला, गाड्या सुरू झाल्या.

डिसेंबर २०२२ पासून आपल्या झोनमध्ये दुसरी पद्धत सुरू झाली. रुळालगतच्या ऑप्टिकल फायबरला हत्तीच्या पावलांचा कंप कळतो आणि स्टेशन मास्तरला, कंट्रोलला इशारा जातो. चालसा ते हासिमारा आणि लामडिंगकडे हवाईपूर ते लामसाखांग इथं ती पहिल्यांदा बसवली. तिथं हत्ती येत असल्याचं गाडीला कळतं. पोलंडच्या यंत्रात गाडी येत असल्याचं जनावराला कळतं. माझं मत विचाराल तर दोन्ही लागतील. उतारावरची भरलेली मालगाडी इशारा मिळाला तरी सातशे-आठशे मीटरच्या आत थांबत नाही, हे इथं बसलेले लोको पायलट जास्त चांगलं सांगतील.

ब्यावोव्येझाच्या झारच्या लाईनवरची नियमित प्रवासी गाडी १९९४ मध्ये बंद झाली. १९०३ साली बांधलेल्या तिथल्या एका स्टेशनात पुढे रेस्तराँ निघालं, आणि रुळांवर पर्यटकांसाठी पायाने चालवायच्या ट्रॉल्या धावू लागल्या. आपल्या पुश ट्रॉलीचे तिथं पैसे पडतात. कुणाला काही विचारायचं असेल तर आरतीनंतर विचारा, प्रसादाची रांग लागायच्या आत.